ज्युनिअरनं पेपर टाकले, आता?

सोमवारी सकाळी मेल उघडता आणि बघता तर काय, टीममधल्या सगळ्यात हुशार पोरानं पेपर टाकलेत! तुम्ही त्याला बाजूला घेता, पगारवाढीचं बोलता. तो शांतपणे म्हणतो, 'सर, माझं काम कसं चाललंय, हे वर्षभरात कुणी सांगितलंच नाही.' झाली ना पंचाईत?

'आजकालच्या मुलांना पेशन्सच नाही,' म्हणणं सोप्पं आहे. पण फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९५९ सालीच सांगून ठेवलंय, की पगार कमी असला की माणूस वैतागतो. पण तो वाढला म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. त्यासाठी जबाबदारी लागते, कौतुक लागतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे पटलंय. 'अडोबी'नं २०१२मध्ये वार्षिक रेटिंग बंद करून वर्षभर अधूनमधून बोलण्याची पद्धत आणली. १९९९मध्ये 'जीई'च्या जॅक वेल्च यांनी तर शेकडो सीनिअर्सना तरुण सहकाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला लावलं!

मग तुमचा फंडा काय? दर शुक्रवारी प्रत्येकासोबत एक कटिंग, पंधरा मिनिटं. लॅपटॉप बंद. कौतुक चारचौघांत, चूक एकट्यात. आणि ज्यानं प्रेझेंटेशन बनवलं, त्यालाच क्लायंटसमोर बोलू द्या. तुमचं नाव त्यावर नसलं तरी चालेल!

तो पोरगा कदाचित थांबणार नाही. पण बाकीचे चौघं तुमच्याकडे बघतायत. येत्या शुक्रवारी चहा कुणासोबत?