ट्रॅक्टर चालू का होत नाही? क्रँकशाफ्ट सेन्सरची तपासणी

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत सोयाबीन निघाल्यानंतर हरभऱ्याच्या पेरणीस थोडेच दिवस मिळतात. वाफसा गेला की बियाणे कोरड्यात पडते. अशा वेळी ट्रॅक्टर बंद पडला, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. म्हणून बिघाडाचे मूळ क्रमाने शोधण्याची रीत माहीत असणे हिताचे आहे.

जुन्या ट्रॅक्टरांत डिझेलचा पंप यांत्रिक असतो. त्यांना ही माहिती लागू नाही. मात्र ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे ‘ट्रेम-४’ नियम लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत डिझेल केव्हा व किती फवारावयाचे, हे विजेवर चालणारा नियंत्रक ठरवितो. त्यास एंजिनाचा वेग व दट्ट्यांची स्थिती क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर कळवितो.

शाफ्टबरोबर फिरणाऱ्या चक्राचा एकेक दाता सेन्सरसमोरून गेला की विजेचा एक स्पंद निर्माण होतो. अनेक एंजिनांत चक्रावर साठ दात्यांची जागा असून त्यांतील दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून शाफ्टची नेमकी स्थिती कळते. स्पंद येईनासे झाले की नियंत्रक बहुधा डिझेल फवारणे थांबवितो.

लक्षणे : सेल्फ मारल्यावर एंजिन फिरते, पण पेट घेत नाही, किंवा तापल्यावर एकाएकी बंद पडते व निवल्यावर पुन्हा चालू होते. डिझेलमध्ये हवा शिरल्याने किंवा फिल्टर चोंदल्यानेही एंजिन असेच अडते. म्हणून लक्षणावरून लगेच नवा सेन्सर किंवा पंप घेऊ नये.

तपासणीचा क्रम :

१. प्रथम डिझेल, फिल्टर व बॅटरी पाहावी. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. बॅटरी दुर्बल असल्यास एंजिन मंद फिरते व स्पंदही क्षीण होतात.

२. सेल्फ मारताना वेगदर्शक काट्याकडे लक्ष द्यावे. एंजिन फिरत असूनही काटा शून्यावरच राहिला, तर स्पंद पोहोचत नसल्याचा संशय दृढ होतो.

३. चावी बंद करून सेन्सरची वायर व कनेक्टर पाहावा. उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेली पिन, आत शिरलेले तेल किंवा पाणी हे दोष पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनी सापडतात.

४. सेन्सर काढून त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसावा. तडा आहे का, तेही पाहावे. बसविताना चक्रापासूनचे अंतर माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावे.

५. दोन तारांचा, म्हणजे वेटोळ्याचा सेन्सर मल्टिमीटरने ओहममध्ये मोजावा. त्याचा रोध सामान्यतः काही शे ते हजार-दीड हजार ओहम असतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. रोध अनंत आल्यास आतील तार तुटलेली, शून्य आल्यास ती आपसांत चिकटलेली समजावी. तापल्यावरच बिघडणारा सेन्सर गरम असतानाच मोजावा. थंडपणी तो निर्दोष भासतो.

६. तीन तारांचा सेन्सर ओहममध्ये मोजू नये. कनेक्टर सोडवून व चावी चालू करून वीजपुरवठा व अर्थिंग तपासावे. पुरवठा येत नसल्यास दोष सेन्सरात नसून वायरिंगमध्ये किंवा नियंत्रकात असतो.

७. येथवर सर्व ठीक असल्यास चक्राचा दाता मोडला आहे का, हे जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. क्लच किंवा फ्लायव्हीलचे काम नुकतेच झाले असल्यास ही शंका विशेष घ्यावी.

सावधगिरी : हवा काढण्यासाठी नोझलच्या नळ्या ढिल्या करण्याची जुनी सवय या एंजिनांवर घातक आहे. त्यांतील डिझेलचा दाब एक हजार बारहून अधिक असू शकतो व त्याची बारीक धार कातडीत शिरते. सेल्फ मारण्यापूर्वी गिअर न्यूट्रल करावा व पट्ट्याजवळ कोणी नसल्याची खात्री करावी.

कृषी सहायकांनी पेरणीपूर्वी गावात एकदा या तपासणीचे प्रात्यक्षिक मिस्त्रीच्या साह्याने करून दाखवावे. वायरीचा दोष वेळीच सापडला, तर महागड्या पंपाचा नाहक खर्च टळेल आणि पेरणी ओलीवर साधेल.