उपासमारीतही तग धरणारा जिवाणू

अनेक परिचित जिवाणू प्रयोगशाळेत काचेच्या बशीतील पोषक माध्यमावर सहज वाढतात. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस मात्र तसा वाढत नाही. डोळ्यांतील खुपऱ्यांना आणि बीजवाहिन्यांना सूज येऊन उद्भवणाऱ्या वंध्यत्वाला कारणीभूत ठरणारा हा जिवाणू केवळ जिवंत पेशीच्या आतच वाढतो. चिनी शास्त्रज्ञ तांग फेइफान यांनी १९५०च्या दशकात कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यात त्याची वाढ करून दाखवली. पुढे अंड्याची जागा पेशी संवर्धनाने घेतली.

पेशीत शिरलेला हा जिवाणू आपली पोषक द्रव्ये यजमान पेशीकडूनच मिळवतो आणि साधारण दोन ते तीन दिवसांत जीवनचक्र पूर्ण करतो. अमिनो आम्लांसाठी पेशी आणि जिवाणू यांच्यात स्पर्धा असते. म्हणूनच संवर्धनात सायक्लोहेक्सिमाइड मिसळून पेशीची प्रथिननिर्मिती रोखतात. वाचलेली अमिनो आम्ले मग जिवाणूला मिळतात.

मानवी शरीर याच्या नेमके उलट करते. संसर्ग होताच रोगप्रतिकारक पेशी इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन स्रवतात. त्यामुळे बाधित पेशीत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करणारे विकर तयार होते आणि जिवाणूची उपासमार सुरू होते.

पेशी संवर्धनातील प्रयोगांत असे आढळले, की मर्यादित टंचाईत जिवाणू मरत नाही. त्याचे विभाजन थांबते, आकार अस्वाभाविक मोठा होतो आणि नवे संसर्गक्षम कण तयार होत नाहीत. ट्रिप्टोफॅन पुन्हा पुरवल्यास वाढ पूर्ववत सुरू होते. लोहाच्या अभावातही अशीच अवस्था दिसते. पेनिसिलिननेही जिवाणू मरण्याऐवजी याच अवस्थेत जातो. संवर्धनात जिवाणू न वाढणे म्हणजे तो नष्ट झाला, असे म्हणूनच मानता येत नाही. निदानासाठी आता त्याची जनुकीय सामग्री शोधणाऱ्या चाचण्यांवर भर दिला जातो.

जननमार्गातील प्रकारांकडे आणखी एक उपाय असतो. ते इंडोल या द्रव्यापासून ट्रिप्टोफॅन बनवू शकतात आणि योनिमार्गातील काही अन्य जिवाणू इंडोल तयार करतात. खुपऱ्यांच्या प्रकारांनी ही क्षमता गमावली आहे, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून खुपऱ्यांचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. जननमार्गातील संसर्ग मात्र अनेकदा लक्षणांविना राहतो. त्यामुळे वेळीच तपासणी आणि योग्य प्रतिजैविकांचा पूर्ण उपचार यांना पर्याय नाही.