शाईने दिलेला सूर

मैफल सुरू होण्याआधी तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, हलके ठोके देतो, बोटाने चाट, म्हणजे चामड्याची कडेची पट्टी, वाजवून पाहतो. कान तानपुऱ्याकडे. ढोल कुणी षड्जात मिळवत नाही. तबला मिळवावाच लागतो. चामड्याला हा सूर आला कुठून?

प्रत्येक वस्तूची हलण्याची स्वतःची लय असते. तिला नैसर्गिक कंप्रता म्हणतात. एक मीटर दोरीला टांगलेला दगड जाऊन-येऊन साधारण 2 सेकंद घेतो; लहान झोक्यांसाठी त्याची कंप्रता ही एवढी एकच. तारेचा मात्र कण न् कण हलतो, म्हणून तिच्या कंप्रता असंख्य. तरी त्या शिस्तीत असतात: मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. अशा कंप्रता एकत्र आल्या की कानाला एकच सूर ऐकू येतो. ताणलेल्या साध्या चामड्याच्या कंप्रता मूळच्या 1.59, 2.14, 2.30 पट अशा विस्कटलेल्या असतात. म्हणून ढोल दणाणतो, गात नाही.

तबल्यात हे गणित शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल, बदलते. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे एकावर एक थर, प्रत्येक थर दगडाने घोटलेला. मध्ये जाड, कडेला पातळ. घोटताना शाईला बारीक भेगा पडतात. तो दोष नव्हे. भेगांमुळेच ही जड शाई चामड्याबरोबर लवते.

यामागचे भौतिकशास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी उलगडले. शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये टिपण लिहिले, 1934 मध्ये एकट्याने सविस्तर निबंध. त्यांची रीत अशी: पुडीवर, म्हणजे तबल्याच्या मढवलेल्या चामड्यावर, बारीक वाळू भुरभुरायची. थाप पडली की चामडे जिथे हलत नाही त्या रेषांवर ती गोळा होते. रामन यांना दिसले, की पहिली नऊ कंपने मिळून पाचच सूर देतात आणि ते जवळपास 1, 2, 3, 4, 5 या पटींत बसतात. कारागिरांनी हे निव्वळ कानाने साधले होते. त्यांचे मोठेपण नोबेल विजेत्या रामन यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

‘ना’ हा बोल वाजताना बोटे बघावीत. अनामिका शाईच्या कडेला टेकलेली, तर्जनी चाटेवर. अनामिका मूळ कंपन दाबते, दुप्पट कंप्रतेचे राहू देते. मैफलीत तबला ज्या सुरात मिळवतात, तो हाच दुसरा सूर.

शाईचा टवका उडाला की मध्यावरचे वजन बदलते, पटी मोडतात. मग हातोडीने कितीही ठोकले तरी तबला लागत नाही. पुडीच बदलावी लागते.