मनोरे मुंबईचे, अँटेना पार्सेचा
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वर्षभरात सिंहगडावरच्या क्षेपकामुळे ते पुण्यातही दिसू लागले. मधला दुवा होता मायक्रोवेव्हचा. या लहरी सरळ रेषेत धावतात. डोंगर आडवा आला की वाट खुंटली. म्हणून एका मनोऱ्यावरून पुढचा मनोरा दिसावा लागतो.

पुढे १९८३ च्या इन्सॅट-१बी उपग्रहामुळे देशभर छोटे क्षेपक उभे राहिले. पण छोटा क्षेपक म्हणजे नुसता वाटप्या! दिल्लीहून हिंदी आले, तर तो हिंदीच वाटणार. देवळात भजन-कीर्तन मराठीत करणाऱ्या पार्सेकरांनी बांबूला अँटेना बांधून मुंग्या पाहायच्या की दिल्ली? आम्ही याला निव्वळ तांत्रिक अडचण मानत नाही. कोणत्या क्षेपकाला कोणत्या केंद्राशी जोडायचे, हे कचेरीतच ठरते.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात मराठीलाही शासकीय वापराची मुभा दिली. पडद्याबद्दल तो काही बोलत नाही. १९९४ साली दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी आली, ५ एप्रिल २००० रोजी तिचे ‘सह्याद्री’ झाले. डिशला डोंगर आडवा येत नाही. तरी मुंबईच्या मराठी बातम्यांत पेडणे अजून शोधावेच लागते.