मातींतून मॅटवर: पहिल्या स्पर्धेपूर्वीं

केज तालुक्यांतील खेड्यापाड्यांत जत्रा भरली म्हणजे देवदर्शन आटोपून मंडळी कुस्त्यांच्या फडाकडे वळतात. हलगी कडाडते, लहान मुलांच्या नारळावरील कुस्त्यांनीं प्रारंभ होतो, आणि दिवस मावळतां मावळतां शेवटची मोठी कुस्ती लागते. अशा फडांत दोनचार नारळ जिंकलेला घरांतील विद्यार्थी जेव्हां जिल्ह्याच्या स्पर्धेस निघतो, तेव्हां आजोबांपासून धाकट्या चुलत भावंडांपर्यंत सर्वांस वाटतें कीं, आतां हा पदक घेऊनच येणार! ही अपेक्षा प्रेमाची खरी. परंतु तिचें ओझें कोंवळ्या खांद्यांवर किती पडतें, याचा विचार क्वचितच होतो. स्पर्धेंत मुलास काय काय अनुभवावें लागतें, हें त्याच्याइतकेंच घरच्यांनींही जाणून घेतलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

जत्रेंत पंच व वस्ताद दोघां मुलांचें अंग नजरेनें जोखून जोड लावतात. न झेपणारी जोड नाकारतांही येते. स्पर्धेंत प्रथम गांठ पडते ती वजनकांट्याशीं. वजनाचा गट ठरलेला असतो. त्वचेचा विकार नाहीं ना, नखें कापलेलीं आहेत ना, हें पाहिलें जातें. आणि मग प्रतिस्पर्धी ठरतो तो चिठ्ठीनें. पहिल्याच फेरींत गतवर्षींचा विजेता समोर आला तरी तक्रारीस जागा नसते. त्यानंतर आपल्या नांवाचा पुकारा होईपर्यंत वाट पाहत बसणें, ही देखील एक परीक्षाच होय.

वजनाविषयीं एक गोष्ट मातापित्यांस आवर्जून सांगावयाची आहे. खालच्या गटांत बसण्यासाठीं उपाशी राहून, पाणी तोडून व घाम गाळून एकदम वजन उतरविण्याचा मोह फार घातक आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेंत तीन महाविद्यालयीन मल्ल याच खटाटोपांत प्राणांस मुकले, आणि तेथील नियम बदलावे लागले. वाढत्या वयाच्या मुलानें आपल्या स्वाभाविक वजनाच्या गटांतच खेळावें. मग हार झाली तरी बेहत्तर.

दुसरी अडचण मॅटची. लाल मातींत पाय रुततो, तेथें दम धरून खडाखडी करतां येते. मॅटवर सारें वेगाचें काम. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांचा सराव मातीवरचाच होता. तेथें ते सहावे आले. परंतु त्या अनुभवाची शिदोरी घेऊन त्यांनीं चार वर्षें मेहनत केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनच्या अपयशानें त्यांच्या घरच्यांनीं व हितचिंतकांनीं उमेद सोडली असती, तर हेलसिंकी कोठून उगवतें?

गुणांची पद्धतही ध्यानांत घ्यावी. मातीवर पाठ लागली कीं निकाल. मॅटवरही चितपटीनें कुस्ती संपतेच, परंतु पट काढून मागें ताबा घेतल्यास २ गुण, प्रतिस्पर्ध्यास वर्तुळाबाहेर ढकलल्यास १, उचलून फेकण्याच्या मोठ्या डावास ४ वा ५. फ्रीस्टाइलमध्यें १० गुणांची आघाडी होतांच कुस्ती थांबते. प्रौढ मल्लांस ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, तर १७ वर्षांखालील मुलांस २ मिनिटांच्या दोन. एवढ्या अल्प वेळांत चांगला मल्लही चुकतो.

आतां पराभवाविषयीं. एका गटांत सोळा मुलें उतरलीं, तर पहिल्या फेरींतच आठ हरणार, हा साधा हिशेब आहे. मात्र ज्यानें आपणांस हरविलें तो अंतिम फेरीस पोंचला, तर कांस्यपदकासाठीं पुन्हां लढण्याची संधि मिळते. म्हणून हरल्याबरोबर पिशवी भरून घरची वाट धरूं नये. आपल्याच बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे राहुल आवारे २०१८ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदकाचे मानकरी झाले. पुढच्याच वर्षीं जागतिक स्पर्धेंत ते उपांत्य फेरींत हरले, पण पुन्हां उभे राहून त्यांनीं कांस्यपदक जिंकलें. हरल्यानंतरची कुस्ती हीच पुष्कळदां खरी कुस्ती असते.

हें सर्व मुलींसही तितकेंच लागू आहे. २००४ पासून ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या कुस्त्या होतात, आणि २०२३ सालीं सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धाही झाली. तेव्हां मुलगा असो वा मुलगी, स्पर्धेहून परतलेल्या लेंकरास उंबऱ्यांतच 'काय झालें?' असें विचारूं नये. आधीं हातपाय धुवूं द्यावे, पानावर बसवावें, ताक-भात पोटांत जाऊं द्यावा. मग तें आपण होऊनच सांगूं लागेल कीं कोणता डाव फसला आणि उद्यां तालमींत काय शिकावयाचें आहे. असें सांगणारें मूल हरलेलें नसतें. आणि त्याचें शांतपणें ऐकणारें घर तर कधींच नाहीं.