बर्फाच्या पोटातला कच्चा थर

२०२४च्या जानेवारीत गुलमर्गला गेलेल्या पर्यटकांना सुकलेलं गवत बघून परतावं लागलं. ऐन चिल्ले कलानात, म्हणजे काश्मिरी थंडीच्या सर्वांत कडक चाळीस दिवसांत, उतार उघडे पडले होते. महिनाअखेरीस बर्फ आला, फेब्रुवारीत तो भरभरून पडला, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही सुरू झाल्या. त्याच दिवसांत, २२ फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीपटू दगावला. आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला गुलमर्गच्याच अफरवत शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा असाच बळी गेला होता.

इथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा माणसाला थेट सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. आखलेली वाट सोडून ताज्या, भुसभुशीत बर्फातून उतरायला तिथे जगभरातून लोक येतात. खरा धोका त्या बर्फाच्या पोटात असतो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ निरभ्र रात्रींत गारठत राहतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरचा पृष्ठभाग मात्र उणे पंधरापर्यंत उतरलेला. या तफावतीमुळे तळातली वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण मोठे, कोनदार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. मूठभर उचलले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात. पुढे पश्चिमी झंझावात येतो, दोन दिवसांत काही फूट बर्फ टाकतो आणि वारा तो धारेपलीकडच्या आडोशाला दाबून बसवतो. वर घट्ट लादी, खाली कच्चा थर! ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे जुळून आलं की एका माणसाचं वजन पुरतं. स्कीपटूंच्या जीवघेण्या अपघातांत ही लादी बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते. त्यामुळे निसर्गाचा कोप म्हणून हात झटकणं बरोबर नाही.

जाणकार उतरण्याआधी खड्डा खणतात. त्याच्या भिंतीतून तीस सेंटिमीटर लांब-रुंद स्तंभ कापून मोकळा करतात, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवतात आणि थापा मारतात: मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. मनगटाच्या तिसऱ्या-चौथ्या थापेलाच वरचा भाग सपकन पुढे सरकला, तर परत फिरावं. स्तंभ टिकला म्हणून शेजारची घळ सुरक्षित ठरत नाही, हेही तितकंच खरं. कधी खणावंही लागत नाही. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, बर्फात भेगा धावतात. उतार तुटायच्या बेतात असल्याची ती खूण.

लष्कराने याची किंमत वारंवार मोजली आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले; त्यांत सातारा जिल्ह्याचाही एक होता. सहा दिवसांनी एक जवान जिवंत सापडला, पण तोही वाचला नाही. गावांनाही हे चुकलेलं नाही. २००५च्या फेब्रुवारीत कुलगाममधल्या वालटेंगू नाड इथे दीडशेहून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर २०२२मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या किमान २७ प्रशिक्षणार्थी-प्रशिक्षकांचा बळी गेला, तोही हिवाळा सुरू होण्याआधीच.

मनालीत १९६९ साली डीआरडीओने हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी संस्था उभारली. आज ते काम ‘डीजीआरई’ करते. तिचे इशारे जिल्हा आणि उंचीनुसार निघतात. ते पाहिल्याशिवाय निघूच नये, पण समोरच्या घळीचा निर्णय तिथल्या वाटाड्यालाच घ्यावा लागतो.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर पोचत नाही. वाचवतात ते सोबतीच, तेही प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं-घेणारं शोधयंत्र आणि पाठीवर लांब सळई व फावडं असेल तर. पुण्या-मुंबईहून हिवाळी ट्रेकला जाणारी मंडळी तंबू आणि जेवणाची चौकशी बारकाईने करतात. पैसे भरण्याआधी आयोजकाला हेही विचारायला हवं: वाटेत तीस अंशांहून तीव्र उतार कुठे आहेत, मोठ्या हिमवृष्टीनंतर किती दिवस थांबता, शोधयंत्रं किती आणि ती वापरायचा सराव कोणाला आहे? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा आयोजक शोधावा.