खांद्यावरचा पट्टा

मोटारीत बसल्यावर खांद्यावरून छातीवर तिरका येणारा पट्टा लावायची सवय आपल्याला आता होऊ लागली आहे. पण अमेरिकेत हौशी वैमानिकांकडे असलेल्या कितीतरी जुन्या, दोन-चार आसनांच्या विमानांत वर्षानुवर्षं फक्त कमरेचा पट्टा होता, हे ऐकून नवल वाटेल. बारामतीच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांना घेऊन घिरट्या घालणारी सेसना विमानं आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. त्यातलं सेसना १७२ बाजारात आलं १९५६ साली. तेव्हा खांद्याचा पट्टा सक्तीचा नव्हता.

कमरेचा पट्टा पुरेसा का नाही? समजा, विमान ताशी ८० किलोमीटर वेगानं शेतात आदळलं आणि तीन मीटरांत थांबलं. ७० किलो वजनाच्या माणसावर तेव्हा सरासरी ६०० किलोच्या आसपास जोर येतो. कंबर जागेवर राहते, पण धड चाकूच्या पात्यासारखं पुढे मिटतं आणि डोकं समोरच्या उपकरणांच्या फलकावर आपटतं. तिथे ते काही सेंटिमीटरांतच थांबतं, म्हणून डोक्याला बसणारा तडाखा कित्येक पट मोठा असतो.

ह्यू डीहेवन या तरुणाला हे स्वतःच्या शरीरावर शिकावं लागलं. १९१७ साली वैमानिकीचं शिक्षण घेताना त्याला अपघात झाला. तो वाचला, पण पोटातल्या इंद्रियांना जबर इजा झाली. तिचं कारण कमरेच्या पट्ट्याचं बकल, असं त्याचं मत झालं. पुढे १९४२ मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठात अपघातांतल्या इजांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. १० डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जॉन स्टॅप रॉकेटच्या गाडीवर ताशी हजार किलोमीटरच्या वेगानं गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते बरे झाले. शरीर नीट बांधलेलं असेल तर ते केवढा धक्का सोसतं, हे त्यातून दिसलं.

अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या आसनांना, आणि १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्या नऊपर्यंत आसनांच्या विमानांत सगळ्याच आसनांना हा पट्टा सक्तीचा झाला. त्याआधीच्या विमानांचं काय? तिथे निर्णय मालकाचा. १९८५ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं अपघातांचा अभ्यास करून सांगितलं, की वाचणं शक्य असलेल्या अपघातांत दगावलेल्यांपैकी २० टक्के लोक खांद्याच्या पट्ट्यानं वाचू शकले असते. गंभीर जखमींपैकी ८८ टक्के लोकांच्या इजा बऱ्याच सौम्य झाल्या असत्या.

पट्टा बसवताना खरा प्रश्न असतो तो कुठे अडकवायचा हा. विमानाचा पत्रा पातळ असतो, तो फाटेल. म्हणून पट्टा सांगाड्याच्या भक्कम भागालाच हवा. सांगाडा पोलादी नळ्यांचा असेल तर नळीभोवती क्लॅम्प बसवता येतो. पट्ट्याचं टोक खांद्याच्या पातळीत किंवा थोडं वर, तीस अंशांपर्यंत असावं. ते फार खाली असेल तर पट्टा खांदे खाली ओढतो आणि कण्यावर दाब येतो. कमरेचा पट्टाही ओटीपोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. नाहीतर माणूस त्याखालून सरकतो. शिवाय पट्टा लावून इंधनाच्या चावीपर्यंत हात पोचला पाहिजे. एरवी सैल सुटणारा आणि झटक्यासरशी अडकणारा रीळचा पट्टा त्यासाठी सोयीचा.

परवानगीच्या कागदपत्रांना कंटाळून पूर्वी अनेकजण हे काम टाळत. २००० साली तिथल्या विमान वाहतूक प्रशासनानं ही वाट सोपी केली. वेल्डिंग न करता, सांगाड्याला नवी भोकं न पाडता पट्टा बसत असेल, तर तो किरकोळ फेरफार मानता येतो. परवानाधारक मेकॅनिकनं तो बसवून नोंदवहीत तशी नोंद करायची.

जुन्या विमानाला नवा रंग, नवा रेडिओ हौसेनं दिला जातो. पट्टा कुणाच्या नजरेत भरत नाही. पण शेजारच्या आसनावर आपलाच मुलगा किंवा मित्र बसणार असेल, तर आधी पैसे कशावर खर्चावेत, हे वेगळं सांगायला नको.